झोळीतले अफूबाज

गावातली अफू सोडवायला सरकार पैसा देणार, ही बातमी आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद झाला तो भगवंतराव पाटलांना, आणि पाटलांनी जन्मात कधी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. पंचावन्न सालची गोष्ट. केनवडच्या बाजारात त्यांना कळलं, की गावानं आपली समिती काढायची, अफूबाज जमवायचे, की अनुदान येतं. अट एकच, अफूबाज डझनभर तरी पाहिजेत. एक-दोघांसाठी सरकार कशाला उठून बसेल?

घोडं तिथंच पेंड खाऊ लागलं. आमच्या गावात अफूबाज एकच, म्हातारा पुंजाजी. त्याच्याकडे अफूचा परवाना होता. कमरेला डबी लावून तो दिवसभर चावडीच्या ओट्यावर डुलत बसायचा. पाटलांनी चारचौघांना विनवून पाहिलं, की बाबांनो, गावासाठी नाव तेवढं द्या. कोणी तयार होईना. फुकटची बदनामी कोणाला हवी असते?

शेवटी पाटलीणबाईच म्हणाल्या, "अफू खानारेच पाह्यजेत ना? मंग घरोघरी झोळ्याइत निजून हायेत की."

त्यात खोटं काही नव्हतं. कापूस वेचायचे दिवस आले, की आमच्याकडे तान्ह्या पोराला मोहरीएवढी अफू चाटवायची आणि आईनं रानात जायचं. पोर संध्याकाळपर्यंत निपचित. अफू पुंजाजीच्या डबीतली. सासवा तेच करत आल्या, सुनाही तेच करत होत्या, आणि त्याला व्यसन म्हणायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पाटलांनी पोरांची नावं कळवली. ज्यांचं बारसं राहिलं होतं, त्यांचं घाईघाईनं उरकलं. अनुदान मंजूर झालं.

त्या अनुदानातून एक मोठा कापडी फलक आला, त्यावर 'अफू सोडा, घर जोडा' असं लिहिलेलं. एक जाड सतरंजी आली, बाजाची पेटी आली, आणि भाषण घेऊन नशाबंदी खात्याचे जानराव साहेब आले.

"व्यसनी लोकांना पुढं बसवा," साहेब म्हणाले.

"बसत नाईत सायेब," पाटील म्हणाले. "अजून मानच धरत नाईत."

मग सगळ्यांना सतरंजीवर ओळीनं निजवलं. साहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. पण भाषण पाठ करून आणलेलं होतं, आणि पाठ केलेलं भाषण पोटात राहिलं तर माणसाला अन्न गोड लागत नाही. "बंधूंनो," साहेबांनी सुरुवात केली, "वाईट संगत सोडा. आपल्या बायकापोरांचा विचार करा." एका बंधूनं सतरंजी ओली केली. पुंजाजीनं टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मागून गिरजा उभी राहिली. गेल्या वेचणीत हिची थोरली पोर अफू चाटून निजली होती. संध्याकाळी गिरजा रानातून आली, तिनं पोरीच्या तळपायाला चिमटा काढला, आणि पोर रडली नाही. लोकांनी दृष्ट लागली म्हटलं, ताप म्हटला. गिरजाला ठाऊक होतं. आम्हालाही ठाऊक होतं, आणि आम्ही तोंड उघडलं नाही, याची मला अजून चीड येते.

"सायेब, याले मी अफू देनार नाई," हातातल्या धाकट्या पोराला छातीशी धरून ती म्हणाली. "एक पोरगी गेली माही. पन वेचाले गेली नाई त खाऊ काय? याले धराले कोनी मानूस द्या."

"माणसाची तरतूद नाही, बाई," साहेब म्हणाले. "पेटीची आहे."

साहेब गेले. दुसऱ्या दिवशी गिरजानं तो फलक उतरवला आणि समितीच्या खोलीत आढ्याला त्याची झोळी बांधली. ती खोली म्हणजेच कागदावरचं अफूमुक्ती केंद्र, आणि व्यसनी माणसानं दिवसभर केंद्रातच बसावं असा नियमच होता. तिनं पुंजाजीच्या हातात दोरी दिली.

"आबाजी, डुलता त डुला, पन दोरी धरून डुला."

पुंजाजीनं डबी धोतरात खोल खोचली आणि दोरी ओढू लागला. दुसऱ्या बायकांनी हे पाहिलं आणि सतरंजी फाडून तिच्या झोळ्या केल्या. एक किडकिडीत पोर पेटीच्या खोक्यात मावलं. पुंजाजीला पेटी येत नव्हती. तो एकच सूर दाबून धरायचा, आणि सगळी खोली त्याच सुरात रडायची.

ऐन वेचणीत जानराव साहेब शिपायाला आणि पाटलांना घेऊन तपासणीला आले. पाहतात तर काय, 'अफू सोडा'वर गिरजाचं पोर झोके घेत होतं.

"सरकारी फलकाची झोळी?" साहेब ओरडले. "हे सगळं आत्ताच्या आत्ता खाली काढा!"

गिरजा वेचणीची ओटी बांधून दारातच उभी होती. ती आत आली, तिनं पोर काढलं आणि साहेबांच्या हातात ठेवलं.

"मंग धरा सायेब. सांजेपावतर."

ती रानात गेलीसुद्धा. मागोमाग बाकीच्या बायका आल्या आणि आपापली पोरं झोळीतून काढून हातांत देऊन गेल्या. पाटलांच्या वाट्याला दोन आली, साहेबांच्या शिपायाला तीन, उरलेली फाटक्या सतरंजीवर. दुपारपर्यंत अशी रडारड झाली, की ओट्यावरची कुत्रीसुद्धा गाव सोडून गेली. साहेब घामानं निथळत होते. शेवटी ते पुंजाजीच्या कानाशी वाकले.

"पुंजाजी, तुमच्या डबीत असेल ना थोडं? मोहरीएवढंच."

पुंजाजीचा हात सवयीनं कमरेला गेला आणि तिथंच थांबला.

"गिरजीच्या पोरीले बी मोहरीएवढीच देली होती, सायेब," तो म्हणाला.

साहेबांनी पोर पुंजाजीकडे दिलं, शिपायानं उतरवून टाकलेला फलक उचलला आणि स्वतः आढ्याला बांधला. अक्षरं उलटी आली. पोराला आत ठेवून ते दोरी ओढत बसले.

दिवेलागणीला गिरजा धावतच आली. साहेब दोरी ओढत होते, झोळीत पोर निपचित होतं. तिच्या ओटीतला कापूस दारातच सांडला. तिनं झोळीत हात घालून पोराच्या तळपायाला चिमटा काढला. पोरानं असा टाहो फोडला, की सगळी खोली जागी झाली.

"अहो, आत्ताच निजलं होतं!" साहेब रडकुंडीला येऊन म्हणाले.

गिरजा मटकन खाली बसली आणि हसत सुटली. "रडू द्या सायेब," ती म्हणाली. "रडू द्या त्याले."