काळ्या घळीच्या तोंडाशी

बार्लानं नुकताच आवळलेला बुटाचा पट्टा तिच्या बापानं, प्लात्सीनं, सोडला आणि आपल्या पद्धतीनं पुन्हा आवळला. बूट रेगुलाबाईंचा होता. झुरिकच्या डॉक्टर त्सोलिंगरांच्या त्या बायको. दोघं नवराबायको आणि त्यांचे दोन मित्र, असे चार पाहुणे आज बर्फावर घसरायला बार्लाच्या मागं येणार होते.

"आता चाला बघू," प्लात्सी म्हणाला. "मघाच्या पट्ट्यानं घोटा कामातून गेला असता."

रेगुलाबाई हसल्या. बार्लाच्या मस्तकात तिडीक गेली.

तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावर येतानाही हेच चाललं होतं. ती वाऱ्याबद्दल सांगायला लागली की म्हाताऱ्यानं मध्येच आपल्या जवानीतली एखादी गोष्ट काढायची, पाहुण्यांनी माना डोलवायच्या आणि तिनं शाळेतल्या मुलीसारखं गप्प बसायचं. गावातल्या वाटाड्यांच्या कचेरीनं या मोसमात प्रथमच काळी घळ तिच्या हाती दिली होती. आखलेल्या उतारांपासून दूर, दोन कड्यांच्या मधून सरळ खाली जाणारी ती उभी चीर. तिथं जायला येणारे पाहुणे कसलेले असतात आणि बोलायलाही तिखट असतात. एका बैठकीत ते माणसाचं नाव करतात किंवा घालवतात. दुसरा वाटाड्या पाय मोडून घरी पडला, म्हणून मागून यायला बाप. चाळीस वर्षं त्यानं पुढं चालून काढली होती, त्याला मागं राहण्याची सवय कुठून असणार. गेल्या आठवड्यात त्यानं मागूनच "डावीकडून" अशी हाक दिली, दोघं पाहुणे बिचारे तिकडं वळले आणि एकाची स्की दगडावर आपटून दुभंगली. बोलणी मात्र बार्लानं खाल्ली.

"चला, यंत्रं," ती म्हणाली.

प्रत्येकाच्या छातीशी बांधलेलं ते यंत्र दिवसभर गुपचूप हाक देत असतं. बर्फाखाली गाडलेला माणूस त्या हाकेवरूनच सापडतो. निघण्यापूर्वी पुढारी आपलं यंत्र ऐकण्यावर लावतो आणि एकेक जण त्याच्यासमोरून जातो. ऐकताना यंत्राची स्वतःची हाक बंद असते, म्हणून पुढाऱ्यानं शेवटी खटका परत फिरवायचा. बार्लानं खटका फिरवला. चारही पाहुणे गेले, चार वेळा टुक वाजलं. शेवटी बाप आला. त्याचंही वाजलं, पण तो पुढं सरकला नाही.

"आता तुझं. मी ऐकतो."

"राहू दे."

"राहू दे कसं? पुढं जाणाऱ्याचं शेवटी—"

"बाबा, मी काय आज पहिल्यांदा डोंगरावर आलेय? मागं उभा राहा. तेवढं एकच काम दिलंय तुला."

पाहुण्यांपैकी कुणीतरी खाकरलं. बार्लानं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि ती निघाली. ती इतक्या जोरात निघाली की बाकीच्यांना तिला गाठायला धापा टाकाव्या लागल्या.

वाटेत तिनं मनातल्या मनात बापाला बरंच सुनावलं. संध्याकाळी आईसमोर काय म्हणायचं, कचेरीत काय म्हणायचं, सगळं जुळवून झालं. कड्याला वळसा घालून ती घळीच्या तोंडाशी आली तेव्हा राग निवायच्या ऐवजी नीट पेटला होता.

घळ सावलीत होती. वर रुंद, मध्ये दोन खडकांत आवळलेली, खाली पुन्हा मोकळी. डाव्या अंगाला दगड डोकावत होते. उजवीकडं बर्फ अख्खा होता, कुणाच्या स्कीची रेघ त्यावर उमटली नव्हती. तिनं काठीनं टोचून पाहिलं, वाकून हातानं एक तुकडा कापून दाबून पाहिला.

"मी पुढं जाते, उजव्या अंगानं. खडकाच्या आडोशाला थांबून काठी वर करेन. मग एकानं यायचं. एका वेळी एकच. काठी दिसेपर्यंत कुणी हलायचं नाही."

"डावीकडून!" मागून आवाज आला.

तिनं न ऐकल्यासारखं केलं. स्कीची टोकं काठावरून पुढं गेली.

"बार्ला, थांब!" म्हातारा ओरडला. "माझा पट्टा तुटलाय."

डॉक्टर त्सोलिंगरांनी घड्याळ पाहिलं. एक मित्र दुसऱ्याला म्हणाला, "आजोबांना सुट्टी द्यायला हवी आता." त्यानं आवाज काही विशेष खाली घेतला नव्हता.

बार्ला आडव्या पावलांनी परत वर चढली. प्लात्सी सगळ्यांकडं पाठ करून बुटावर वाकला होता. पट्टा धडधाकट होता. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात तो मान वर न करता बोलला.

"तुझं यंत्र अजून ऐकतंय."

तिचा हात छातीकडं गेला.

"हात खाली. बघतायत ते. वाक, पट्टा बघितल्यासारखं कर."

ती वाकली. त्याचं स्वतःचं यंत्र त्याच्या तळहातात होतं. इथं पोचल्यावर त्यानं ते ऐकण्यावर लावून मोजणी केली होती. काचेवर चार दिसत होते. चार पाहुणे आणि ती, असे पाच हवे होते. तिनं चेन खाली ओढली, पण हातमोज्यातला अंगठा खटक्यावरून नुसता घसरत राहिला. त्यानंच हात घातला आणि खटका फिरवला. चाराचे पाच झाले. मग त्यानं आपलंही यंत्र पुन्हा हाकेवर आणलं.

"गाढव कुठली," तो पुटपुटला. "तू खाली गाडली गेली असतीस आणि आम्ही वर यंत्रं नाचवत बसलो असतो. तुझ्या आईला काय सांगितलं असतं मी? घाईत होती म्हणून?"

तिनं चेन पुन्हा गळ्यापर्यंत ओढली.

"आता ओरड."

"काय?"

"माझ्यावर ओरड, मोठ्यानं. खोळंबा पट्ट्यापायी झाला असं त्यांना वाटायला नको? घळ घालवायचीय का हातची?"

आणि ती ओरडली. शब्द शोधावे लागले नाहीत, वाटेत सगळे जुळवलेलेच होते. पट्टा घरून नीट बघून यायला काय होतं, दर वेळी तुझ्यापायी थांबायचं, पाहुण्यांच्या गोष्टीत नाक खुपसायचं, जुन्या बढाया मारायच्या. तिचा आवाज चढत गेला. थांबायला हवं हे तिला कळत होतं, पण ती थांबली नाही.

"उद्यापासून घरी बस. ओझं झालायस तू डोंगरावर."

"बरं," प्लात्सी म्हणाला आणि पट्टा लावून उभा राहिला. डॉक्टर सभ्यपणे दुसरीकडं पाहत होते.

ती घळीत उतरली. उजवीकडचा बर्फ मोसमातला सर्वांत सुरेख बर्फ निघाला. गुडघ्याइतका खोल, हलका, प्रत्येक वळणावर छातीपर्यंत उसळणारा. कुठं तडा गेला नाही, काही सरकलं नाही. खडकाच्या आडोशाला थांबून तिनं काठी वर केली. एकेक करून पाहुणे आले, आनंदानं आरोळ्या ठोकत आले. शेवटी बाप आला. त्यानं नेमक्या तिच्या रेघेशेजारून रेघ काढली होती.

खालच्या हॉटेलात बार्लीचं सूप आणि सुकवलेलं मांस आलं. प्लात्सी आत आला नाही. स्की पुसायच्यात म्हणाला.

"कमाल केलीत," डॉक्टर त्सोलिंगर म्हणाले. "आणि खरं सांगू? वडिलांना बोललात ते बरं केलंत. डोंगरावर ढिलाई म्हणजे जिवाशी खेळ. मी कचेरीत सांगेन, उद्यापासून मागं दुसरा माणूस द्या."

बार्लानं चमचा खाली ठेवला. मान डोलावली असती तरी भागलं असतं. बापानं तर त्याचीच सोय करून ठेवली होती.

"त्यांचा पट्टा तुटला नव्हता. माझं यंत्र बंद असल्यासारखं होतं. सकाळच्या तपासणीनंतर मी ते फिरवलंच नाही. ते त्यांच्या ध्यानात आलं."

रेगुलाबाईंनी ताटलीतला पाव एकदा इकडं, एकदा तिकडं केला.

"म्हणजे तुम्ही आम्हाला तशाच घेऊन निघाल्या होतात," डॉक्टर शेवटी म्हणाले.

"हो."

"मग उद्याचं आम्ही पाहतो. कचेरीशी बोलून."

ती बाहेर आली. प्लात्सी कधीच्या कोरड्या झालेल्या स्की पुसत होता. खिडकीतून त्यानं चेहरे पाहिले असावेत.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मूर्ख आहेस. मग मी बोलणी कशाला खाल्ली?" त्यानं फडकं झटकलं. "घळ गेली आता."

"जाऊ दे. तूच म्हणालास ना ओरड म्हणून."

"ओरड म्हणालो होतो." तो पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहत होता. "ओझं, ते तुझं तू घातलंस."

त्यानं स्की बर्फावर टाकल्या, पाय अडकवले आणि काठ्या हातात घेतल्या. इथून गावापर्यंतचा उतार बालवाडीच्या पोरांचा होता. तिथं कुणी यंत्र लावत नाही.

"थांब," बार्ला म्हणाली. "माझं ऐक आधी."

"इथं?"

"इथंच."

आत खिडकीशी चारही पाहुणे सूप सोडून बघत होते. प्लात्सीनं कुरकुरत यंत्र बाहेर काढलं आणि खटका फिरवला. ती खाली मान घालून त्याच्यासमोरून गेली. टुक वाजलं.

"वाजतंय," तो म्हणाला. "चल आता."

ती हलली नाही. तिनं आपलं यंत्र ऐकण्यावर लावलं. मग त्यानं आपला खटका जागेवर आणला आणि तिच्यासमोरून गेला. टुक वाजलं.

"परत फिरव," तो म्हणाला.

"फिरवलं."

"दाखव."

तिनं गळ्यापासून खाली चेन उघडली आणि दाखवलं.