माझे तेल कोणी हुंगले नाही

मित्रांनो, गाडी घ्यायला आलेला माणूस आधी रंग बघतो, मग चाकांना लाथ मारतो, मग इंजिनाला कान देतो. माझ्याकडे कोणी वळत नाही. मी आपला खाली, अंधारात, तेलात बसलेला. मी एका डिझेल गाडीचा जुना गिअरबॉक्स आहे, गिअर आपोआप बदलणारा. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचवायचा, एवढेच माझे काम. ते केले तर कुणाला दिसत नाही, आणि नाही केले तर सगळा रस्ता बघायला गोळा होतो.

मी जन्मलो दूरच्या एका कारखान्यात, पण माझी उमर गेली नारीन नावाच्या थंड, डोंगराळ मुलखात. माझे पहिले मालक द्युशेन. मेंढ्यांची लोकर, लग्नातले पाहुणे, एकदा तर अख्खे वासरू मी घाटापार नेले. "हा घोडा दमतच नाही," असे ते चारचौघांत सांगायचे आणि मी फुशारून जायचो. पण घोड्याला वेळेवर पाणी दाखवणारा हा माणूस माझे तेल बदलायला मात्र विसरला. तेल काळे पडले, जळके झाले. चढावर तापलो की माझी पकड सुटू लागली. द्युशेनना ते कळले होते. मी निवेपर्यंत ते घाटात चहा पीत बसायचे आणि घरी आल्यावर चकार शब्द काढायचे नाहीत.

मग बेइशेन आले. त्यांची लेक आइझिरेक द्युशेनच्या घरात सून म्हणून नांदत होती, म्हणजे हे दोघे व्याही. बेइशेनच्या बायकोचे, झूराकानचे, हृदय अधू होते. छातीत कळ आली की लगेच घाट ओलांडून मोठ्या इस्पितळात न्या, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यांची जुनी पेट्रोल गाडी चढावर धापा टाकायची. भर हिवाळ्यातही ओढेल अशी डिझेल गाडी त्यांना हवी होती.

बाजारात त्यांनी हाताने गिअर टाकायची एक गाडी पाहिली होती. ती खडखडायची, पण विकणाऱ्याने काही लपवले नव्हते. मी गुळगुळीत चालत होतो, आणि घरचा होतो.

अंगणात गाडीभोवती फिरताना झूराकान हळूच म्हणाल्या, "अहो, गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी तरी काढून बघा. जळका वास आला तर घेऊ नका, असं बाजारातला तो माणूस म्हणाला होता."

"व्याह्यांच्या गाडीचं तेल हुंगू?" बेइशेन कुजबुजले. "उद्या पोरीला ऐकवतील, तुझ्या बापाला आमच्यावर भरवसा नाही म्हणून."

"मग नुसतं विचारा तरी."

"विचारलं काय नि हुंगलं काय, एकच ते."

द्युशेन दाराशी उभे होते. आदल्या दिवशी माझ्याशेजारी उभे राहून ते बायकोला म्हणाले होते, "विचारलं तर सांगेन. आपणहून व्याह्यांपुढे आपलीच अब्रू कशी काढू?"

बेइशेननी विचारले नाही. द्युशेननी सांगितले नाही. सौदा ठरला. दोघांनी तळवे पसरून दुआ मागितली, तोंडावरून हात फिरवले, आणि बायकांनी शुभ म्हणून गाडीवर बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले छोटे गोळे, उधळले. मला ओरडून सांगावेसे वाटत होते. पण खडखडाटाशिवाय मला भाषा नाही, आणि थंड असताना मी खडखडतही नसे.

तोवर मी गावातल्या सपाटीवरच फिरलो होतो. हिवाळा सरता सरता एका दुपारी झूराकानना कळ आली. बेइशेननी त्यांना गाडीत बसवले आणि आम्ही घाटाला लागलो. अर्ध्या चढावर मी तापलो. जीव तोडून धरायला बघितले, पण पकड सुटलीच. इंजिन गरजत राहिले आणि चाके जागची हलेनात. दोन्ही अंगांना बर्फ, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

बेइशेन स्टिअरिंगवर मुठी आपटत होते. "नुसतं विचारायचं होतं गं. नुसतं विचारायचं होतं."

झूराकाननी त्यांची बाही धरली. "ऐका. व्याह्यांना एक शब्द बोलायचं नाही. पोर तिथं नांदतेय."

"तू बोलू नकोस, दमशील."

"कबूल करा आधी."

"कबूल."

कोळशाचा ट्रक आला, तेव्हा तो हात बाहीवरून गळून पडला होता. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. पण त्या दिवशी मला वितळून जावेसे वाटले.

ट्रकमागे बांधून मला घरी आणले. अंगणात दुखवट्याचा तंबू उभा राहिला. द्युशेन रिवाजाप्रमाणे लांबूनच मोठ्याने आक्रोश करत आले, आणि बेइशेननी त्यांना मिठी मारली. तेवढ्यात द्युशेनची नजर गाडीवर आणि तिला अजून बांधलेल्या दोरावर गेली.

"व्याही," ते म्हणाले. "घाटात गाडीनं दगा दिला का?"

बेइशेन तंबूच्या दारातल्या लेकीकडे बघत होते. "नाही. गाडी चांगली आहे. झूराकानचं आयुष्यच तेवढं होतं."

द्युशेनना सगळे कळले. ते माझ्या शेजारी बर्फात बसले, आणि या वेळचे रडणे रिवाजाचे नव्हते.

आता गाडीच्या टपावर कोंबड्या बसतात. मध्यंतरी आइझिरेक माहेरी आली, गाडीवरून हात फिरवत म्हणाली, "बाबा, चांगली गाडी अशी का हो टाकून दिलीत?"

"उभी राहून राहून बिघडली," बेइशेन म्हणाले आणि आत निघून गेले.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही गाडी घ्याल. भावाची असो, व्याह्यांची असो, पट्टी काढा आणि हुंगा. विकणार असाल तर कोणी विचारायची वाट बघू नका. माझी पट्टी अजून जागच्या जागी आहे. ती आजवर कोणी काढलेली नाही.