रविवारची फक्की

ही गोष्ट कुणी खरी मानणार नाही, आणि कुणी मानलीच तर त्याचं डोकं तपासून घ्यावं लागेल. पण ऐका. एक शिंपी होता. त्याने मैदानावर फक्कीची रेघ ओढली की चेंडू तिच्यापाशी येऊन थबकायचा, इकडेतिकडे बघायचा आणि परवानगी मिळाली तरच बाहेर जायचा. मुंग्यासुद्धा रांग धरायला त्याच रेघेवर शिकल्या, असं म्हणतात. म्हणणारे दुसरे कोण, आपणच!

फक्की म्हणजे चुन्याची पूड. वस्तीला मैदान एकच आणि खेळणारे उदंड. त्यातही रविवारची सकाळ म्हणजे सोनं. शिंप्याला ती हवी होती आपल्या पोरापोरींच्या फुटबॉल संघासाठी. त्याच्या एकुलत्या एका मुलाला हवी होती मोठ्यांच्या संघासाठी. मुलगा बसचा ड्रायव्हर आणि संघाचा कप्तान. त्याचे गडी म्हणजे बेकरीतले कारागीर, वेल्डर, दवाखान्यातले शिपाई. आठवडाभर राबणारी माणसं, सुटी काय ती तेवढीच.

भांडणं नकोत म्हणून कधीकाळी रीत पडली होती. ज्याची फक्की आधी, त्याचं मैदान. एकदा रेघा पडल्या की दुसऱ्याने आत पाऊल टाकायचं नाही. पोलीस नाही, पावती नाही, पण रीत मोडायची कुणाची छाती नव्हती.

"एखादा रविवार सोडा की बाबा," जेवताना मुलगा म्हणायचा. "माझ्या गड्यांचे गुडघे गंजले."

"तेल घाला. पोरांचं वय थांबत नाही."

"आमचं थांबलंय होय?"

"तुझं झोपेत चाललंय. लवकर ऊठ, बादली उचल, मैदान तुझं. मी काय दार अडवून बसलोय?"

आई मध्ये पडायची नाही. ताटात आणखी एक पोळी पडायची, तेवढंच.

रविवारी शिंपी अंधारातच उठे. बाहेरच्या खोलीत मुलगा असा घोरत असायचा की मांडणीवरची पातेली एकमेकींना धरून बसायची. शिंपी गालातल्या गालात हसायचा. 'हा काय मैदान घेणार!' बादली खणकन वाजवत, मुद्दाम वाजवतच, तो निघायचा. खुंट्या ठोकायच्या, सुतळी ताणायची, मुठीतून फक्की सोडायची. कापडावर खडूने आखावं तसं पोरांच्या मापाचं छोटंसं मैदान उमटायचं. मोठे गडी यायचे, रेघा बघायचे, पिशव्या खांद्यावर टाकून परत जायचे. त्यांचा कप्तान सगळ्यांत शेवटी यायचा, डोळे चोळत.

पुढे गडी कंटाळले. "कप्तान बापाला विकला गेलाय," म्हणाले. त्यांनी त्याला काढलं आणि गॅरेजमधल्या एका दांडगटाला नेमलं. त्याला सगळे इंजिन म्हणत. पुढच्या रविवारी शिंपी बादली घेऊन पोचला, तर रेघा पडलेल्या. मोठ्या मापाच्या, वाकड्यातिकड्या, पण पडलेल्या. आत इंजिन उड्या मारत होता.

"मास्तर, आपण कुठे खेळायचं?" गोलकीपर पोरीने विचारलं. सगळे तिला चिमणी म्हणत. भरलेली बादली घेऊन शिंपी तसाच घरी आला. उंबऱ्यातच मुलगा बूट पुसत बसला होता.

"घरचा भेदी तो हाच! मी किती वाजता निघतो ते तूच सांगितलंस ना त्यांना?"

मुलाने मान वर केली. मग बूट घातले आणि गेला. डेपोत अर्ज टाकून त्याने लांबच्या पल्ल्याची गाडी मागून घेतली. मुक्काम तिकडेच. कपडे न्यायलासुद्धा आला नाही, मित्राला पाठवलं.

शिंप्याची बायको मुलाच्या सदऱ्यांच्या घड्या घालत होती. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "सोमवार ते शनिवार पहिली गाडी कोण काढतं?"

"तोच."

"तुमच्या आधी उठतो ना? मग रविवारीच कसा झोपतो?"

शिंप्याने समोरच्या कापडात कात्री घातली.

"माझा मुलगा जन्मात कधी घोरला नाही. फक्त रविवारी घोरायचा. तुमची बादली कोपऱ्यावरून वळेपर्यंत."

शिंप्याच्या हातातली कात्री कापडात चालता चालता थांबली. पुरा होणारा सदरा अर्धाच राहिला, तो अजून तसाच आहे म्हणतात.

त्याने डेपोत निरोप ठेवला. 'रविवारी ये. मैदान तुझं.' आणि शनिवारी, उजेड असतानाच, फक्की मारायला घेतली. शनिवारचा विचार आजवर कुणाच्या डोक्यात आला नव्हता. या खेपेला सुतळी लांब सोडली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मोठ्यांच्या मापाचं मैदान आखलं.

सकाळी आधी पोरं आली. चिमणी म्हणाली, "मास्तर, आपल्याला एवढं मोठं?"

"तुम्हाला नाही गं. माझ्या मुलाला."

पोरीचा चेहरा पडला. ते त्याला दिसलं. तरी तो हलला नाही.

मग इंजिन आला. "फक्की कुणाची?"

"कप्तानाची."

"कप्तान मी आहे, काका."

"तू गॅरेजात पाने फिरव. कप्तान आल्याशिवाय कुणी आत यायचं नाही."

इंजिनने रेघेकडे पाहिलं, पायाने माती उकरली, पण पाऊल आत टाकलं नाही. एका अंगाला पोरं बसली, दुसऱ्या अंगाला मोठे. मधे मैदान कोरं करकरीत. ऊन चढलं. कुणी घरी गेलं नाही, कुणी खेळलंही नाही. शिंपी गोलखांबाशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता.

आणि मग, मंडळी, लांबून धूळ उठली! बस आली. अशी आली की चाकं जमिनीला टेकत नव्हती. थेट मैदानाच्या कडेला थांबली, दार उघडलं आणि आतून उतरला शिंप्याचा मुलगा! खाली वाकून त्याने चिमटीभर फक्की उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाला, "बाबा, अर्धं पोरांना देऊ या..."

"खोटं," गोष्ट सांगणाऱ्या माझ्या पाठीमागून शिंप्याची बायको म्हणाली. ती केव्हापासून ऐकत उभी होती, कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. "पुरे, भावजी. बस आली होती. तो नव्हता तिच्यात."