साऱ्या गल्लीचा आयडी

मित्रांनो, मी एक जुना ई-मेल आयडी आहे. मला चेहरा नाही, वजन नाही, पडलो तर आवाजही होत नाही. म्हणून मलाही काही सोसावं लागत असेल, हे कुणाच्या मनात येत नाही. पण मी सोसलं आहे आणि आज ते सगळं बोलून दाखवणार आहे. मधे कुणी "नंतर" म्हणून मला मिटवू नका, म्हणजे झालं.

माझा जन्म सुरतेत, नवागाममधल्या एका झेरॉक्सच्या दुकानात झाला. दिपाली तेव्हा अकरावीचा फॉर्म भरायला आली होती. तिचे वडील भगवानराव हिंगोलीकडून येऊन इथे कापड विणायच्या लूमवर लागलेले, आणि आई अनुसया घरी बसून साड्यांना लेस लावायची. फॉर्मवर ई-मेलचा रकाना पाहून दिपाली अडली. दुकानदार म्हणाला, "आयडी नथी? चाल, बनावी दउं." आणि त्याने मला बनवलं. मोबाइल नंबर द्यायची वेळ आली, तर घरातला एकुलता एक फोन भगवानरावांबरोबर लूमवर गेलेला. मग शेजारच्या सरलाबाईंचा नंबर दिला. आमच्या गल्लीत यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. गॅसवाल्याकडे शेजारणीचा नंबर, शाळेत शेजारणीचा नंबर. मला तरी वेगळा कोण देणार?

हळूहळू मी दिपालीचा उरलो नाही, साऱ्या गल्लीचा झालो. कुणाचा निकाल, कुणाचं रेल्वेचं तिकीट, कुणाचं आधार कार्ड, सगळं माझ्याकडे. वाटीभर साखर मागावी तसा माझा पासवर्ड मागितला जायचा. सरलाबाई गॅलरीतून ओरडायच्या, "दिपे, पासवर्ड काय गं तुझा?" आणि दिपाली तितक्याच मोठ्यांदा उत्तर द्यायची. नळावर उभ्या असलेल्यांनाही तो पाठ झाला होता. "दिपीचा आयडी आहे म्हणून बरंय," असं बायका म्हणत, तेव्हा मी नुसता फुगून जायचो.

काळजी मात्र कुणी घेतली नाही. जाहिरातींचा ढीग साचला. पासवर्ड कच्चा आहे, बदला, असा इशारा मी कितीदा दिला! पण तो इंग्रजीत असायचा आणि खाली "नंतर" असं एक बटण असायचं. सगळ्यांची बोटं त्या बटणावर बरोबर पडायची.

दिपाली रसायनशास्त्र शिकली. सुरतेजवळच्या हजीऱ्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत जागा निघाली, तिने माझ्यातूनच अर्ज केला. निवड झाली तर मुलाखतीचं बोलावणं मेलने येईल आणि शनिवारच्या आत "येते" असं कळवलं नाही तर नाव कटेल, असं तिकडून बजावलं होतं. घरातली पहिली पगारदार मुलगी होण्याची ही संधी होती. त्या आठवड्यात ती दिवसातून दहादा मला उघडून बघायची. मीही जीव मुठीत धरून वाट पाहत होतो.

आणि नेमका तेव्हाच एक लबाड मेल आला. "तुमचं खातं आज बंद होणार. वाचवायचं असेल तर इथे दाबा." त्यावर मला चालवणाऱ्या कंपनीचं चिन्ह होतं, रंगही तसाच. मला तो खोटा असल्याचा वास आला होता, पण मला ओरडायची सोय नाही. मेल सरलाबाईंनी उघडला. दिपाली मार्कशीट आणायला कॉलेजात गेली होती. साऱ्या पोरांचे कागद बुडतील या भीतीने त्यांनी दाबलं, पासवर्ड भरला आणि फोनवर आलेला कोडही भरून टाकला. माझं भलं करायला गेल्या आणि चोराला घरात घेतलं.

चोराने आल्या आल्या पासवर्ड बदलला आणि सरलाबाईंच्या नंबरच्या जागी स्वतःचा नंबर लावला. मग सेटिंगच्या तळाशी एक नियम लिहून ठेवला. येणारा प्रत्येक मेल आधी त्याच्याकडे जाईल आणि माझ्याकडचा थेट कचऱ्यात पडेल. हजीऱ्याचं बोलावणं तासाभरातच आलं. ते माझ्या डोळ्यांदेखत कचऱ्यात पडलं आणि मला साधं हूं की चूं करता आलं नाही.

संध्याकाळी दिपालीला मी उघडेना. पासवर्ड चुकीचा, पुन्हा चुकीचा. अनुसया म्हणाली, "जाऊ दे माय, नवा काढ की एखादा."

"अन् हजीऱ्याचं पत्र? ते याच्यावरच येणार आहे, आई. मी नाही सोडणार याला."

मला तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू! ती मदतीचं पान ओळ न् ओळ वाचत बसली. अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत तिला सापडलं की नंबर बदलला तरी काही दिवस जुन्या नंबरावर कोड मागवता येतो. ती उठून थेट सरलाबाईंच्या दारात गेली. त्या दिवसभर तोंड लपवून बसल्या होत्या.

"फोन बिघडलाय माझा," त्या आतूनच म्हणाल्या.

दिपाली उंबऱ्यावर बसली. "मावशी, तुमच्याकडून काही झालं असलं तरी मी भांडायला नाही आले. मला फक्त कोड पाहिजे. शनिवार हातातून गेला तर माझी नोकरी गेली."

मग दार किलकिलं झालं आणि सरलाबाई रडतच बाहेर आल्या. "पोरी, मीच दाबलं गं ते. मला वाटलं तुझा आयडी वाचंल." त्यांनी फोन तिच्या हातात दिला. कोड आला आणि दिपाली माझ्यात परत आली. तिने नवा पासवर्ड ठेवला, चोराचा नंबर पुसला, बाकी सगळ्यांना बाहेर काढलं.

पण ती तिथे थांबली नाही, म्हणून आज मी तुमच्याशी बोलतो आहे. एकही मेल येत नाही याचा तिला संशय आला. तिने मैत्रिणीला एक मेल पाठवायला सांगितला. तोही दिसेना. शोधता शोधता तो कचऱ्यात सापडला आणि त्याच्याच खाली हजीऱ्याचं बोलावणं! तिने आधी "येते" असं उत्तर धाडलं आणि मगच चोराचा नियम हुडकून उपटून टाकला. शनिवार अजून उजाडायचा होता.

नोकरी तिला लागली. पण तिचा राग निवला नव्हता. एका रविवारी ती माझ्या कंपनीच्या "सूचना पाठवा" या खिडकीत लिहायला बसली. मेल दुसरीकडे वळवायचा नियम कुणी लावला तर तो तळाशी दडवू नका, उघडल्या उघडल्या लाल पट्टीत दाखवा. नंबर बदलायचा असेल तर आधी जुन्या नंबरवाल्याला विचारा.

सरलाबाई बाजूलाच बसल्या होत्या. "अन् हे बी लिही," त्या म्हणाल्या, "कोडासोबत मराठीत सांगत जा म्हणावं, हा कुणाला द्यायचा नाही. मला वाचता येतंय की! इंग्रजीत सांगून काय उपयोग?"

"अन् फोन एक असला तरी ज्याचं त्याचं कुलूप वेगळं पाहिजे," अनुसयाने लेस लावता लावता भर घातली.

उत्तर आलं, "आपल्या सूचनेबद्दल आभार." बस, एवढंच. पुढच्या रविवारी दिपालीने पुन्हा लिहिलं. आता गल्लीतल्या बायकाही लिहितात, आपापल्या आयडीवरून. कंपनी कंटाळेल, पण या बायका कंटाळायच्या नाहीत, हे मी तुम्हाला लिहून देतो.

हो, आपापल्या आयडीवरून! कारण नवा पासवर्ड दिपालीने कुणालाच दिला नाही. "शेफारली नोकरी लागल्यावर," असं लोक बोलले. सगळ्यांत जास्त अनुसयाला लागलं. "मला बी नाही सांगणार? मी आई आहे तुझी." दिपालीचे डोळे भरले, पण ती बधली नाही. "नाही आई. तुला तुझा काढून देते." तिच्या त्या नकाराने मला वाटलं, आज मी खरा कुणाचा तरी झालो. तुम्हीही तुमच्या आयडीला असंच जपा. कुणावर कितीही जीव असू द्या, किल्ली त्याच्या हाती देऊ नका.

अनुसयाचा आयडी निघाला त्या दिवशी पासवर्डच्या रकान्याशी ती किती तरी वेळ अडून बसली. शेवटी फोन पदराआड धरून एकेक अक्षर दाबत तिने तो भरला. दिपालीने मान लांब करून विचारलं, "काय ठेवलास गं?"

"सरक तिकडं," अनुसया म्हणाली. "तुला कशाला सांगू?"

मित्रांनो, पासवर्ड असा ठेवतात.