चोवीस पायऱ्या आणि एक नळी

आमचं वॉशिंग मशीन अकरा वर्षं गच्चीवर होतं, आणि गच्चीला चोवीस पायऱ्या. माझे गुडघे कुरकुरायला लागल्यावर मी म्हटलं, मशीन खाली आणा, कपडे वाळत घालायला मागचं अंगण आहेच. आमचे हे म्हणाले, "बघू." त्यांचं ते "बघू" दोन वर्षं चाललं. शेवटी एक दिवस मळक्या कपड्यांची बादली घेऊन मी बाराव्या पायरीवर बसले, ती उठेचना. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन हमाल दारात हजर.

मशीन खाली आलं, बाथरूमच्या भिंतीला लागून पॅसेजमध्ये बसलं. आता फक्त त्याचं सांडपाणी बाथरूमच्या जाळीत सोडायचं होतं. मी म्हटलं, "प्लंबरला बोलावते." ह्यांचा चेहरा असा झाला, जणू मी दुसरा नवराच बोलावतेय.

"शाळेत आणि पुढच्या खोलीतल्या शिकवणीत मिळून तीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी! तुला काय कळतंय त्यातलं? आणि संध्याकाळपर्यंत नाहीच जमलं, तर हमाल आहेत. जाईल परत वर."

वर गेलेलं मशीन पुन्हा खाली येणार नव्हतं, हे मी ओळखून होते.

काम मात्र देखणं केलं, खोटं कशाला बोलू? भिंतीला अगदी जमिनीलगत भोक पाडलं, त्यातून पाइप घातला, मशीनची नळी फरशीवर सरळ झोपवून त्यात खोचली. उतार बरोबर आहे का ते लेव्हलच्या पट्टीने तीनदा बघितलं. मग हात झटकून मला म्हणाले, "लाव आता."

मी कपडे टाकले, बटण दाबलं. पाणी पडायला लागलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. पाणी आपलं पडतंच आहे, आणि ड्रम काही फिरायचं नाव घेईना. ह्यांनी नळ तपासला, गाळणी धुतली, मशीनला दोन थापट्या मारल्या. मशीन ढिम्म.

"खाली आणताना हमालांनीच काहीतरी मोडलंय," असं म्हणून त्यांनी फोन हातात घेतला. "उद्या येऊन घेऊन जा म्हणतो."

मी चिडून पाय आपटत बाथरूममध्ये गेले, तर जाळीवर स्वच्छ पाण्याची धार लागलेली. साबणाचा फेससुद्धा नाही. एका बाजूने येतंय, दुसऱ्या बाजूने जातंय.

आणि एकदम माझ्या कानात ह्यांचाच आवाज घुमला. दरवर्षी पुढच्या खोलीत तोच धडा, भिंतीच्या अलीकडे मी कणीक मळतेय: "मुलांनो, नळीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या खाली असेल, तोवर पाणी थांबणार नाही!"

मी पॅसेजमध्ये आले, नळी पाइपातून उपसली, उचलून मशीनच्या माथ्याशी धरली. पाणी भरत गेलं. थोड्या वेळाने खट्ट आवाज झाला आणि ड्रम फिरायला लागला.

हे फोन कानाला लावून बघतच राहिले. पलीकडून हमाल हॅलो हॅलो करत होता. "काही नाही, चुकून लागला," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. तीस वर्षं ऐकतेय स्वयंपाकघरातून. माझी परीक्षा तेवढी कुणी घेतली नाही."

ह्यांचे कान लाल झाले. मला इतका आनंद झाला होता, की नळी धरून हात भरून आला तरी मी ती सोडली नाही. शेवटी त्यांनीच ती माझ्या हातातून घेतली आणि कपडे धुऊन होईपर्यंत स्टुलावर बसून धरून ठेवली, मशीन पाणी सोडायला लागलं की तेवढी पाइपात खोचत.

दुसऱ्या दिवशी हे बाजारातून एक पाइप घेऊन आले, भिंतीला उभा ठोकून वरून त्यात नळी अडकवायला. पेन्सिल घेऊन भिंतीपाशी उभे राहिले, पण खूण करेनात. मग मागे वळून म्हणाले, "अगं, उंची किती ठेवू?"

लग्नाला अडतीस वर्षं झाली, विज्ञानातलं काही ह्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं. मी उगाचच जरा विचार केल्यासारखं केलं, आणि कमरेवर हात ठेवून सांगितलं, "इथपर्यंत."