धुक्याची खोली

तिने पेटीचं झाकण उचललं, तेव्हा आतून नेहमीचा ओला गारवा आला नाही. स्ट्रॉबेरीची पांढरी मुळं हवेत लोंबत होती, पण एकमेकांना चिकटलेली, निस्तेज. तिने पंपाला कान लावला. पंप मुका होता.

"बाबा, पंप बंद पडलाय. लवकर या."

सासरे आले आणि दाराबाहेरच थांबले. वर्षभर त्यांनी या गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. इथेच, ओल्या फरशीवर, पंप दुरुस्त करताना त्यांच्या मुलाला शॉक लागला होता. मातीशिवाय, नुसत्या खतपाण्याच्या धुक्यावर फळं पिकवायचं खूळ त्याचंच. तो गेल्यावर ते तिने चालू ठेवलं. माहेरून भाऊ न्यायला आला की ती म्हणायची, "झाडं टाकून कशी येऊ? जरा वेळ धुकं मिळालं नाही, तर माना टाकतात."

तिने वायरमनला फोन केला आणि फवारणीची बाटली घेऊन मुळं भिजवू लागली. पहिली पेटी भिजवून होईतो शेवटची सुकत होती. एका हाताचं काम नव्हतं ते. थोड्या वेळाने शेजारी दुसऱ्या बाटलीची फसफस ऐकू आली. सासरे आत आले होते. त्यांचा फवारा नेमका मुळांवर पडत होता.

वायरमनने पंप पाहिला, वायरी पाहिल्या, घरामागच्या भिंतीवरचा बोर्ड उघडून पाहिला.

"वहिनी, कशालाच काही झालेलं नाही. गॅरेजचा मेन स्विच खाली ओढलाय कुणीतरी. चांगला जड आहे, आपोआप पडणारा नाही. घरात भुतं पाळलीत का?"

सासऱ्यांची बाटली थांबली. मग पुन्हा फसफसू लागली.

"माझाच हात लागला असेल," सासऱ्यांकडे न बघता ती म्हणाली.

"वर करून जाऊ?"

"राहू दे. मी करते."

वायरमन गेला. दोघं पुन्हा फवारू लागली.

"परवा भाऊ येतोय ना तुझा?" सासऱ्यांनी मुळांकडे बघतच विचारलं.

"हो."

"माझं मी बघेन. कच्चंपक्कं रांधता येतं मला. या वेळी त्याला रिकामा नको धाडूस."

तिला वाटायचं, ती त्यांच्यासाठीच थांबलीय हे त्यांना कळलेलं नाही, झाडांचं निमित्त त्यांनाही खरं वाटतंय. ती घरामागे गेली, बोर्ड उघडला, स्विचच्या गार दांड्यावर हात ठेवला. तशीच उभी राहिली. मग बोर्डाचं दार लावून परत आली.

पंप सुरू झाला नव्हता. सासरे एक पेटी अर्धी सोडून दुसरीकडे धावत होते. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या.

"लाव की गं," ते म्हणाले. "ही बघ, ही चालली." त्यांनी सुकलेली मुळं तळहातावर घेतली. "त्याने लावलेली रोपं आहेत गं ही."

"माहीत आहे, बाबा."

तिने त्यांच्या हातातली बाटली अलगद काढून घेतली, खाली ठेवली आणि कडेच्या पेटीपासून एकेक झाकण लावू लागली.

ते जरा वेळ बघत राहिले. मग दुसऱ्या टोकाला गेले आणि त्यांनीही एक झाकण उचलून पेटीवर लावलं.