होल्मबाईंची मेणबत्ती

मित्रांनो, रीबे गावात फिरायला आलात तर मला पाहिल्याशिवाय तुम्ही जाणार नाही. मोठ्या चर्चमागच्या वाकड्या गल्लीत, पिवळ्या घराच्या खिडकीबाहेर लोखंडी दांड्यावर बसवलेला मी एक जुना आरसा आहे. दोन काचा कोनात जोडून गावच्या लोहाराने मला घडवले. एक काच गल्लीचे वरचे टोक दाखवते, दुसरी खालचे. खिडकीआड बसलेल्या बाईला मान न वळवता कळावे, की कोण कुणाकडे गेले आणि किती वेळ बसले, एवढ्यासाठी माझा जन्म!

ते काम मी चोख केले. कोणता सभ्य गृहस्थ दारूच्या दुकानातून टोपी डोळ्यांवर ओढून निघतो, कोणत्या बायका भांडून पुन्हा एकत्र बाजाराला जातात, सगळे मला पाठ होते. माझी शेवटची मालकीण थूरा होल्म रोज जुन्या मोज्याने मला पुसायची आणि म्हणायची, "तू चहाडखोर आहेस म्हणून बरं. नाहीतर मला घरोघर जाऊन बसावं लागलं असतं."

समोर घड्याळजी आक्सेल राहायचा. ओळख चाळीस वर्षांची, पण आमच्याकडे न बोलावता कुणी कुणाच्या दारात जात नाही. एका हिवाळ्यात होल्मबाईंच्या छातीत कळ आली, तेव्हा मात्र तो रस्त्यातच चिडला.

"फोन घ्या म्हटलं तर घेत नाही! काही झालं तर मला सांगणार कोण? हा आरसा?"

"ओरडू नकोस, गल्ली ऐकतेय. दुखायला लागलं की खिडकीत मेणबत्ती लावीन. दिसली की ये."

"आणि नाही दिसली तर?"

"तर तुझी घड्याळं बघ. निम्मी मागे चालतात."

सौदा ठरला. दाराची किल्ली त्याच्याकडे गेली.

आता मे महिन्याची चार तारीख ऐका. फार वर्षांपूर्वी, युद्धात देश बळकावून बसलेली परकी फौज हरल्याची बातमी त्या संध्याकाळी रेडिओवर आली, तेव्हा लोकांनी उजेड बाहेर दिसू नये म्हणून लावलेले खिडक्यांचे काळे पडदे ओरबाडून दिवे लावले होते. तेव्हापासून दरवर्षी त्या संध्याकाळी घरोघरी खिडकीत मेणबत्त्या लागतात. फक्त होल्मबाईंची खिडकी अंधारी राहायची. त्यांच्या नवऱ्याला त्या फौजेने नेले होते, आणि तो परतला नव्हता.

सौद्यानंतरच्या मेमध्येही गल्ली उजळली. बाई छाती धरून खुर्चीपर्यंत सरपटत आल्या. तीन काड्या विझल्या, चौथीने मेणबत्ती पेटली. समोर आक्सेल आपल्या उघड्या खिडकीत वात कातरत होता. त्याने वर पाहिले आणि त्याचे डोळे भरून आले.

"गुद्रून, इकडे ये," त्याने बायकोला हाक मारली. "होल्मबाईंनी लावली बघ! इतक्या वर्षांनी मन वळलं."

"मग जाऊन दोन शब्द बोल की."

"आज? नवऱ्याची आठवण काढत बसल्या असतील. राहू दे त्यांना एकटं."

बाईंनी हात हलवला. त्याने टोपी काढून मान झुकवली.

मग गाव बघायला आलेल्या पाहुण्यांचा घोळका आला. वाटाड्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पूर्वीच्या म्हाताऱ्या यातून गल्लीवर नजर ठेवायच्या." हसणे झाले. एका गृहस्थाने माझ्यात भांग नीट केला. त्याच्या मागच्या मुलीला माझ्यात बाईंचा चेहरा दिसला.

"आई, त्या आजी रडताहेत."

"असं दुसऱ्याच्या घरात बघू नये. चल."

सगळे पाहणे माझे, मित्रांनो, आणि तोंड मात्र मला नाही. मेणबत्ती जळत राहिली. बाईंचा हात खुर्चीवरून खाली लोंबला, त्यानंतरही ती जळत होती.

सकाळी बाई खिडकीत तशाच बसलेल्या पाहून आक्सेलने किल्ली लावली. तो बराच वेळ बाहेर आला नाही.

पुढे दर चार मेला तो गल्लीतले एकेक दार वाजवत फिरू लागला. "काही हवंय का? नुसती मेणबत्तीच ना?" लोक चिडायचे. कुणी म्हणे, "आला हा, न बोलावता केक खायला!" गुद्रून सोडून बहुतेकांनी त्याला वेडा ठरवले. पाय थकेपर्यंत त्याने दारे वाजवली. आता तोही नाही. होल्मबाईंचे घर सुट्टीत पाहुण्यांना भाड्याने जाते, माझ्यावर धूळ आहे, आणि फोटोत मी छान येतो.

मला पुसले नाहीत तरी चालेल. पण मित्रांनो, कुणाच्या खिडकीत कधी नव्हे तो दिवा दिसला, तर लांबून टोपी काढू नका. जाऊन दार वाजवा. असभ्य म्हणतील, म्हणू द्या. म्हणायला ते माणूस जिवंत तर असेल.